उभा फर्मा

सावद्याला, स्टेशन रोडच्या मागच्या गल्लीत
बाबांच्या ट्रेडलवरचा लग्नाचा फर्मा
वैशाख संपेपर्यंत सोडला जायचा नाही.
सुतळीनं बांधून फळीवर उभा.
'आमचे येथे श्रीकृपेकरून' तेच,
कडेची वेलबुट्टी तीच,
फक्त मधल्या फटीतले खिळे निघत,
भोळे जाऊन भंगाळे,
भंगाळे जाऊन झोपे.
मला उलटी अक्षरं वाचता यायची
सुलटी यायच्या आधी.

आता त्याच खोलीत मी बसते.
ट्रेडल किलोच्या भावानं गेलं.
कूलरमध्ये पाणी ओतायचं, स्क्रीन पुसायची,
आणि संस्थेच्या बेचाळीस शाळांच्या साइट
एका मूळ साच्यावर उभ्या ठेवायच्या.
वर नाव, खाली पत्ता, डावीकडे सूचना,
मध्ये एक रिकामा रकाना,
त्याला नाव दिलंय नुसतं 'मजकूर'.
प्रत्येक शाळेची फाइल पहिल्या ओळीत सांगते:
मी अमक्याची.
मग जे बदलायचं तेवढंच बोलते.
जे बोलत नाही ते वरून येतं,
न मागता,
जसं नाकाचं हाड.

संस्थेचा फोन नंबर मी एका जागी बदलते,
बेचाळीस जागी बदलतो.
एकदा एक रकाना बंद करायचा राहिला,
बेचाळीस शाळा पांढऱ्याफटक.
दुपारचे दोन, मुख्याध्यापकांचे फोनवर फोन,
आणि दारातून बाबा:
'सुतळी सुटली का व?'

मग पालच्या वरच्या अंगाच्या आश्रमशाळेतून
गुलसिंग बारेला सर,
रेंज मिळते त्या खडकावर उभे राहून:
'मॅडम, वरती केळीच्या बागेचा फोटो आहे.
आमच्याकडं केळी नाही.
पोरं विचारतात, ही कुणाची शाळा?'
मी विचारलं, मग काय लावू?
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
'मोहाचं झाड आहे. घंटा त्यालाच टांगलीय.'

मी त्यांच्यासाठी आख्खा साचाच
वेगळा काढायला घेतला होता.
बाबा मागे, चष्मा कपाळावर.
'सगळा फर्मा कायले सोडते?
एक खिडकी काढ.'

ते पुढं काही बोलले नाहीत. मला आठवलं.
यमुनाबाई बऱ्हाटे पोरीची पत्रिका छापायला आल्या,
सोबत दीर. निमंत्रक म्हणून माझं नाव टाका, दीर म्हणाला.
यमुनाबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या.
बाबांनी ॲडव्हान्स घेतला, मान हलवली.
रात्री चिमट्यानं 'श्री.' उचलला.
'श्रीमती' मावेना.
शिशाच्या दोन पट्ट्या काढल्या, जागा झाली.
बाकी सगळं तसंच, गणपती, वेल, श्रीकृपा.
दीर भांडायला आला तोवर
पाचशे पत्रिका वाटून झाल्या होत्या.

केळी गेली, मोह आला. एक खिडकी.
बारेला सर म्हणाले, 'स्वागत' राहू द्या,
त्याखाली आमच्या बोलीत एक ओळ पाहिजे.
त्यालाही सोय आहे:
वरचं आधी म्हण, मग माझं.
ती ओळ मला कळत नव्हती.
अक्षर-अक्षर विचारून लावली,
खिळे लावावेत तशी.
सरांनी तीनदा दुरुस्त केली, चौथ्यांदा हसले.

रात्री झोप लागेना.
ही छोटी फाइल उद्या कुणी पुसली
तर काही मोडणार नाही, लाल अक्षरं येणार नाहीत.
केळीची बाग परत येऊन बसेल,
गुपचूप, हिरवीगार,
जणू कधी गेलीच नव्हती.

उठले, मशीन चालू केलं,
आणि त्या रकान्याच्या डोक्यावर,
जिथं शाळेला दिसत नाही
पण माझ्यानंतर बसणाऱ्याला दिसेल,
तिथं एक ओळ लिहिली:
हे काढू नये.
घंटा इथं टांगलेली आहे.