राखीव डोह

सारंगखेड्याच्या खाली, बॅरेजचं पाणी जिथं दमून थांबतं,
तिथं आम्ही नदीवर रेघ मारली.
म्हणजे आधी खडूनं, सोसायटीच्या फरशीवर.
आधार वाडिले उकिडवा बसून म्हणाला,
हे जॅकवेल, ह्या मसणवट्याच्या पायऱ्या,
मधला डोह राखायचा.
दोन वर्षं जाळं नाही.

"नदी काय तुना बापनी शे का?" झिपरू ओरडला.
ती कोणाच्याच बापाची नव्हती,
म्हणूनच तर बैठक दिवे लागेपर्यंत चालली.

बाकी पाण्यात जाळ्याचा डोळा चार बोटांचा, हे ठरलं.
पण बोटं कोणाची?
हिरकणबाईनं हात पुढे केला,
तिचं एक बोट विळीनं अर्धं नेलेलं.
साडेतीन बोटं लिहू का, मी विचारलं.
कोणी हसलं नाही. माझी मापं पुसून
झिपरूचा रुंद पंजा रजिस्टरात गेला.

नंदुरबारहून आलेल्या मॅडमनी समुद्राचा नकाशा पसरला:
निळ्यात निळे चौकोन, तिथं मासेमारी बंद.
आमच्यात समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता.
"समुंदर कसा ऱ्हास?" हिरकणबाई.
मॅडम जरा थांबल्या.
भादव्यातला पूर समजा, म्हणाल्या,
फक्त पलीकडचा काठ काढून घेतलेला.
"मंग रेघ कोठे मारतस?"
मॅडमनी नकाशाची घडी घातली, आणि चहा आला.

जाता जाता त्या अहिराचं सांगून गेल्या.
ही लांबडी वाम, आमच्या बोलीच्याच नावाची,
उभा जन्म गोड्या पाण्यात काढते
आणि अंडी घालायला एकदाच समुद्राला जाते.
उकाईची भिंत कशी उतरते? आधारनं विचारलं.
ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

हद्दीला ऑईलचे रिकामे कॅन बांधले, दगडाला सुतळीनं.

आता माझं.
पौषातल्या एका रात्री मी त्या डोहात गळ टाकला.
नियमात जाळं होतं, गळ नव्हता,
आणि नियम माझ्याच अक्षरात होते.
दोरी ताणली. वर आली ती कोपरभर जाड,
पिवळ्या पोटाची, अंधारात ओली चमकत.
डोळे मोठे झालेले. मॅडम म्हणाल्या होत्या,
निघायची वेळ झाली की डोळे मोठे होतात.
मी दोरी दातानं तोडली.
गळ तिच्या जबड्यात राहिला, की निघून पडला,
पाण्यानं काही सांगितलं नाही.

सकाळी रजिस्टरात "जाळं" च्या पुढे
"व गळ" असं बारीक लिहिलं,
खाली माझं नाव, दंड पाचशे, मिळाले तीनशे.
झिपरूनं वाचलं. तो काही बोलला नाही,
फक्त तंबाखूची पुडी माझ्याकडे सरकवली.

आज तिसरा कॅन पुन्हा सुटलाय,
प्रकाशाच्या दिशेनं निघालाय आरामात.
पोराला नायलॉनची दोरी आणायला धाडलंय.
सुतळी आता नको.