तिळामळच्या पुढे

तिळामळचा तिठा सोडला की
पाठीमागचे हॉर्न पातळ होत जातात
आणि चेनचा आवाज ऐकू यायला लागतो.
तेल घालायचं राहिलंय, हे तेव्हा कळतं.

एकतीस वर्षं मी हा रस्ता वर बघत केला.
वीज खात्यात लाइनमन. खांद्यावर दोर, कमरेला पक्कड,
मान आभाळात.
कुठल्या खांबावर कावळ्याने तारेचं घरटं बांधलंय,
कुठल्या वळणावर फणसाची फांदी तारेला टेकते,
झोपेतही सांगितलं असतं.
चढ आहे, हे मात्र माहीत नव्हतं.
जीपला चढ नसतो.

डॉक्टरांनी गुडघ्यावर बोट ठेवून
सायकल म्हटलं, तेव्हापासून मान खाली.
चाकापुढचं हातभर डांबर, बस.
तेवढ्यातही केवढी वर्दळ:
मुंगळ्यांची ओळ, चिरडलेलं काजूचं बोंड,
सापाची कात,
कुणाच्या तरी चपलेचा तुटका अंगठा.

कोळंबच्या चढाला मी उतरतो. लाजत नाही.
खांब नंबर बासष्टपर्यंत मारायची,
तिथून हातात धरून चालायचं,
असं माझं आणि सायकलचं ठरलंय.
बासष्टचा बुंधा वाकडा आहे.
एका ट्रकने ठोकला होता,
रात्रभर गाव काळोखात, आणि मी वर.

रविवारी मडगावची पोरं भेटतात,
घट्ट रंगीत कपडे,
मनगटावर काळजाचे ठोके मोजत.
एकजण थांबून म्हणाला,
अंकल, काय शांत रोड आहे हो!
मी हो म्हटलं.
एवढा शांत रस्ता एवढा रुंद कुणासाठी केला होता,
त्याने विचारलं नाही,
मीही दम खात होतो.

मिनिटाला चार ट्रक जायचे.
झाडांची पानं हिरवी असतात
हे इथली मुलं फक्त पावसाळ्यात शिकत.
इनास बार्रेटोच्या बायकोने
बारा वर्षं धुणं घरात वाळत घातलं.
मग खाण बंद झाली.
धुणं बाहेर आलं,
आणि इनासचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले ते राहिलेच.
एकाच्या बॉनेटवर कारांद्याचा वेल चढलाय.
दुसऱ्यात कोंबडी अंड्यांवर बसते.
मला बघून तो कुंपणावरून विचारतो, "खंय वता?"
खंयच ना, मी म्हणतो.
"म्हजेवरीच," तो हसतो.
पुढचा अर्धा मैल ते हसू
कॅरियरवर बसून येतं.

ही शांतता मला गोड लागते.
त्याच्या दारावरून मात्र मी घंटी वाजवत नाही.

परवा उतारावर चेन निसटली.
हात काळे करून बसलो होतो.
वरच्या काजीतून सुकांती वेळीप उतरली,
बोंडं मळून पाय भिजलेले,
अख्ख्या वाऱ्याला आंबूस वास.
दोन बोंडं हातावर पिळली, म्हणाली,
चोळ, ग्रीस जातं.
शर्टाला लावू नको, तो डाग मरेस्तो राहतो.
मग डोळे बारीक करून:
तू लायटीचा माणूस ना रे?
ओळखलंन्, पण चेहऱ्यावरून नाही.
चेन जमिनीवर पडलेली,
आणि मी तारांकडे बघत होतो.

पणसायमळला नदीकाठच्या जांभ्यात
कुणीतरी कधीतरी कोरलेली ती गोल गोल रेघ आहे.
शेजारी बसून बोटाने हवेत गिरवली.
तिसऱ्या फेऱ्यात चुकलो.
पुन्हा धरली, पुन्हा तिथेच.
पाणी प्यालो. कुशावती आपली वाहत होती,
आताशा पुष्कळ निवळ.

परतताना बासष्ट नंबर उतारावर येतो.
वाकड्या बुंध्याला हात करीन म्हणतो दर वेळी,
पण दोन्ही हात ब्रेकवर,
आणि तो गेलेला असतो.