बारीक टीप

एकोणीस वर्षं मी ते माझंच समजत होते.
पांढरं जाणं, खाज, मासळीसारखा वास.
गोळीबार चौकातल्या बायका म्हणायच्या, उष्णता आहे,
सब्जा घे, शुक्रवारी आंबट नको खाऊ.
मी सगळं केलं.
गोळ्याही खाल्ल्या सात-सात दिवस,
तोंडात लोखंड चघळल्यासारखं व्हायचं.
आठव्या दिवशी बरी.
महिन्याभरात पुन्हा तेच पाढे.

मेयोत पडद्याच्या खोलीबाहेर बाक होता.
पदर डोक्यावर ओढून बसले, ओळखीचं कुणी नको.
माझ्याआधी अकरा जणी,
सगळ्यांचे पदर डोक्यावर.

डॉक्टर सादिया कुरेशींनी काच दुर्बिणीखाली सरकवली,
म्हणाल्या, या, बघा, तुमचंच आहे.
एक डोळा मिटून पाहिलं.
फिकट पेशी, आणि तिच्यावर पार काठापर्यंत
चिकटलेले काळे ठिपके,
हळदीच्या ओल्या अंगावर अक्षता चिकटाव्यात तसे.
मला माझं लग्न आठवलं.
हे त्यांना नाही सांगितलं.

"आता मालकांना आणा."
त्यांना काहून?
"जंतूंना उंबरठा कळत नाही, शकुनताई.
तुम्ही एक खोली झाडता,
आणि कचरा दुसऱ्या खोलीत तसाच."

मोरेश्वर आले. शिंपी माणूस,
कानावर खडू, गळ्यात टेप तसाच.
साखर दोनशे ऐंशी निघाली.
पुढची कातडी मागे सरत नव्हती,
आत ओल, चिरा, लघवीला आग.
किती वर्षं? डॉक्टरांनी विचारलं.
हे गप्प.
मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते.

ऑपरेशन म्हटल्यावर यांनी आधी
टेबलावरची नावाची पाटी वाचली. दोनदा.
मग म्हणाले, "आपल्यात करत नाहीत."
डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. सवय असावी.
"कातडीला जात नसते, निमजे.
तुमचं कापड आटलंय, ताणत नाही, एवढंच.
आणि कापलं म्हणजे सुटलात असंही नाही.
आडोशाला, ओलीत राहणारे जंतू कमी होतात.
बाकी पाणी, साखर, निरोध,
ते तुमच्या हातात."

वॉर्डबॉय म्हणाला, काही नाही काका,
संत्रं सोलल्यासारखं.
नागपुरात हे ऐकावंच लागतं.

शेजारच्या खाटेवर मोमीनपुऱ्याचे नजीरभाई, मुतखड्याचे.
रात्री यांचं कण्हणं ऐकून हसले,
"चवालीस की उमर में? अरे, हमें तो याद भी नहीं."
आणि पिशवीतून स्वतःची धुतलेली लुंगी काढून दिली,
हिरव्या चौकड्यांची.
"हफ्ताभर पँट मत पहनना."
ती नेसूनच हे ऑटोत बसले.
पाचपावलीच्या पुलावर वारा आला तेव्हा
दोन्ही हातांनी धरून.
गल्लीतले पोट्टे फिदीफिदी हसले.
हर्निया आहे, यांनी सांगितलं.
मीही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी पट्टी बदलायची होती.
यांनी दार लावलं,
आणि हात बटणाकडे गेला, दिवा घालवायला.
मी म्हटलं, राहू द्या, दिसत नाही.

इतक्या वर्षांत मी
उजेडात पाहत होते.
सुजलेलं, जांभळं, बिचारं.
कोमट पाण्यात कापूस बुडवून पिळला.
थरथर होती, त्यांची की माझ्या हाताची.

हे वाकून टाके मोजत होते,
ब्लाउजची बाही उलटून बघावी तसे.
"टीप बारीक घातली वं," म्हणाले. "सरळ आहे."
मग बऱ्याच वेळानं, खालीच बघत,
"तुले बी आग होत होती काय,
इतके वर्ष?"

मी दुसरा कापूस घेतला.

लुंगी दोरीवर वाळते आहे.
इस्त्री करून मोमीनपुऱ्यात नेऊन द्यायची आहे,
मी जाते म्हटलं, तर म्हणाले,
नको, मीच जाईन.