बेडकुळी

फाइलवर लिहिलं : हिंदुराव नेजदार, वय एकोणऐंशी,
उजवा दंड, मसल पॉवर पाचापैकी शून्य.
हा शब्द मी दिवसातून पन्नासदा लिहिते,
त्याला कधी विचारलं नव्हतं, तू कुठला, कुणाचा.

दुपारी राजारामपुरीत लाइट गेली.
पेशंट नाही. पंखा थांबलेला.
अण्णांची डिक्शनरी, कोपरे वाळवीने चाखलेले,
खिडकीशी नेऊन उघडली.
इंग्रजीच्या मागे फ्रेंच,
फ्रेंचच्या मागे लॅटिन :
मुस्कुलुस.
मुस म्हणजे उंदीर.
कुलुस नुसतं शेपूट, लाडाने लहान करणारं,
आपण घराचं घरकुल करतो तसं.
म्हणजे कुणा रोमनाने कधीतरी हात दुमडला,
कातडीखाली काही सरकलं,
आणि तो म्हणाला, उंदराचं पिल्लू!

मुस. मूषक.
इतक्या लांब जाऊन पाहते तर
बीळ आपल्याच उंबऱ्याशी निघालं.

संध्याकाळी सून रिक्षातून वस्तादांना घेऊन आली.
दंडाला पट्ट्या लावता लावता सांगितलं त्यांना.
"उंदीर?"
तोंडाची एकच बाजू हसली.
"आमची बेडकुळी, पोरी.
वस्ताद रांगेत हुबं करायचं,
बोटाच्या पेरानं दंडावर एक टोला.
ज्येची उठंल त्येला दूध,
न्हाई उठली त्येनं हौद्यातली माती उकरायची.
म्या सा म्हैनं माती उकरली."
मातीत ताक किती, तेल किती,
लिंबं कुठल्या बाजारची,
हेही सांगितलं. मी घड्याळ पाहिलं नाही.

बेडकुळी, मुस्कुलुस.
कुळी आणि कुलुस.
नातं नसेल, कान फसवत असतील.
पण दोन गावांची दोन माणसं
आपलाच दंड बघून चकित झाली होती,
आणि दोघांनाही देव आठवला नाही, वाघ आठवला नाही,
ओंजळीत मावेल असं काहीतरी आठवलं.

"उंदीर आसता तर पळाला आसता," वस्ताद म्हणाले.
"बेडूक जात न्हाई कुटं.
उनाळाभर मातीत दडतोय. मेल्यागत."

करंट बंद केला. पट्ट्या काढल्या.
"आता तुमचं तुम्ही करा," म्हटलं, "दुमडा."
डोळे मिटून ते जोर लावत राहिले,
मानेची शीर तटतटली,
सून भिंतीकडे बघत होती.

दंडावर माझी दोन बोटं.
काही नाही.
काही नाही.
मग जरासं.
माझ्याच नाडीचा भास असेल म्हणून
बोटं बदलली, पुन्हा धरली.

फाइलमधलं शून्य खोडलं,
एक लिहिला. पुढे प्रश्नचिन्ह.
मसल मात्र तसाच ठेवला,
रकाना इंग्रजीचा आहे.