कूलर, बाहेरून

लग्नाचे अल्बम पोटापुरते. हे मात्र माझं :
भिंतींना बाहेरून लटकलेले कूलर,
इतवारीपासून जरीपटक्यापर्यंत, तीन उन्हाळे.
प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीनं दोन-चार ओळी.

गोळीबार चौक, पहाट. पत्रा गंजून तांबडा,
वाळ्याच्या ताटीतून गवताची हिरवी पात.
मागे लिहिलंय : माग बंद, पंखा चालू.
खोडायला हवं. फार शहाणं वाटतं.

लष्करीबाग. धकात्यांकडचा स्टँड कलता,
पायाखाली वीट, विटेखाली दुमडलेला पुठ्ठा.
"कूलरचा फोटू काऊन काढून राहिले जी?
आमचा काढा ना," म्हणाल्या तुळसाबाई,
आणि पदर सावरून
त्याला खेटून उभ्या राहिल्या.
मी दोन पावलं डावीकडे सरकलो.
मालिकेत माणसं नकोत, असा माझा नियम.

डिसेंबरात प्रिंट द्यायला गेलो.
कूलर ताडपत्रीत, सुतळीनं आवळलेला,
वर वाळत घातलेल्या मिरच्या.
सून म्हणाली, मे महिन्यातच. दुपारी. लाइन गेली होती.
मग थोडं थांबून :
"त्यांचा एखादा असन का तुमच्याजवळ?"

घरी फाइल मोठी करत गेलो.
अगदी उजव्या काठाला
पत्र्यावर टेकलेला हात, मनगटापर्यंत,
प्लास्टिकची एक बांगडी.

तेवढाच छापला. मागची जागा सुनेला दिली.
तिनं पोराच्या बॉलपेननं लिहिलं :
आमच्या सासूबाई, कूलरात पाणी भरताना.

पाणी भरत नव्हत्या त्या.
खोडलं नाही.