मुदत

एकतीस मार्चला मुकादम खोली सोडणार होते.
तसं कागदावर आहे, त्यांच्याच वळणदार अक्षरात,
वर सातशे शहाऐंशी, खाली सही.
आज एप्रिलची एकोणीस.
सँडल अजून दाराशी, अंगठे भिंतीकडे,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखे.

अबू शगाऱ्यातली ही खोली म्हणजे
हॉलचा जिप्सम बोर्ड घालून तोडलेला तुकडा.
त्यांचा खोकला इकडे येतो,
आमची भांडणं तिकडे जात असणार.
लातूरकडच्या एका नर्सने
या खोलीसाठी आठशे दिरहम आगाऊ दिलेत.
ते मी लेकाच्या फीत भरून बसलेय.

पहिल्या आठवड्यात नुसती आठवण केली.
दुसऱ्यात फ्रिजमधला त्यांचा कप्पा काढून घेतला.
मग वायफायचा पासवर्ड बदलला.
ते काही बोलले नाहीत.
संध्याकाळी जिन्यात, वॉचमनच्या फोनवरून
खेडला सांगत होते,
"व्हय गे, कंपनी हिशोब करंल. आज नाय तर उद्या."

बहीण म्हणते, सरळ तक्रार कर.
करू? आणि काय सांगू?
की करार थॉमस कुरियनच्या नावावर,
तो दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला,
आणि मी दर पाच तारखेला
त्याच्या मेहुण्याच्या हातावर लिफ्टपाशी रोख ठेवते,
पावती न मागता?

शेवटी काल नोटीस लिहिली. दार वाजवलं.
मुकादम गादीवर, भोवती पिशव्या,
सगळ्या भरलेल्या, गाठी मारलेल्या.
म्हणजे माणूस कधीचाच निघालाय,
फक्त गेला नाहीये.

चष्मा लावून त्यांनी कागद वाचला.
"रिकामीची पहिली वेलांटी चुकली, बाई."
पेन मागितलं. दुरुस्त केली. सही केली.
"तारीख कंची घालू?"

मी उभीच.
बोर्डापलीकडे लेक तेराचा पाढा म्हणत होता
आणि रोजच्यासारखा सातावर अडकला.
"एक्क्याण्णव," मुकादम भिंतीला म्हणाले,
हळू, सवयीचं असल्यासारखं.
पाढा पुढे चालू झाला.

म्हणजे इतके दिवस तो पाठ नव्हताच करत.

तारखेची जागा कोरी ठेवून कागद घेऊन आले.
फ्रिजवर लावला नाही.
आता आठशे कुठून उभे करायचे,
ते बोटांवर मोजतेय.