शेऱ्याचा रकाना

रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी
वाशीच्या खाडीला अमावास्येचं उधाण,
आणि होल्डिंग पाँडची लोखंडी झडप
बाहेरच्या पाण्यानं दाबून
घट्ट मिटलेली.
मी नोंदवहीत लिहितो: झडप बंद.
शेरा: निरंक.

अठरा वर्षं हाच शेरा.

पहिल्या वर्षी मी पहार लावून बघितली होती.
दिवाळ्याचा बाळाराम नाना तेव्हा माझ्या पाळीला असायचा.
बिडी विझवून म्हणाला,
"कनाला जीव काढतंस? जोर लावून काय व्हनार नाय.
दर्या मागं हटल तवा तीच उघडल."
तो झडपेबद्दलच बोलत होता.
मला ऐकू यायला अठरा वर्षं लागली.

प्रभू, तुला ठाऊक आहे ती सही.
मार्चअखेर, कंत्राटदाराची मोटारसायकल,
सीटवर पसरलेला कागद: गाळ काढला, चारशे ब्रास.
गाळ होता तिथेच होता.
पाकीट मी रिबेकाला दिलं, ओव्हरटाइम म्हणून.
त्यातून लेकीच्या नर्सिंगची फी गेली.
ती शिकते आहे, लोकांच्या जखमा धुवायला.
(हे तुझ्यापुढे वकिली म्हणून मांडत नाही.
खरं तर मांडतोच आहे.)

तेव्हापासून नेरूळच्या शाळेत,
जिथे रविवारी आम्ही भाड्याच्या वर्गात उपासनेला बसतो
आणि फळ्यावर शनिवारचे अपूर्णांक तसेच असतात,
भाकरीचं ताट आलं की मी पुढे सरकवतो.
पहिल्यांदा रिबेकानं पाहिलं.
दुसऱ्यांदा तिनं पाहिलं नाही.
तिसऱ्या महिन्यात पाळकसाहेब म्हणाले, तब्येत बरी आहे ना?
मी म्हणालो, ॲसिडिटी.

तुझी भूक लागते, हे कुणाला सांगावं?
पोटातली नव्हे, ती डब्यानं भागते.
ही वेगळी. रात्रपाळी संपवून घरी यावं,
दाराला कुलूप, शेजारी म्हणावेत आत्ताच गेली,
आणि तव्याचा वास अजून जिन्यात असावा,
तशी.

इथेही मी पहार लावली, खोटं बोलणार नाही.
चाळीस दिवस उपास. चहासुद्धा सोडला.
पाकिटाएवढे पैसे दानपेटीत टाकले, हप्त्याहप्त्यानं,
जणू तू फायनान्स कंपनी आहेस.
झडप हलली नाही.
उलट तूच लांब गेलास.
प्रार्थना म्हणावी तर शब्दांच्या खाली पाणीच नाही,
नुसता काळा चिखल.
मी म्हणालो, संपलं. हटला तो.

आज पहाटे पावणेचारला
खाडी पामबीचच्या दिव्यांपासून मागे मागे,
इतकी मागे की तिचा आवाजही येईना.
आणि झडप कण्हली.
कुणाचा हात न लागता
वीतभर उघडली,
गाळ तसाच असताना, गाळावरून.
कुजकं पाणी, थर्माकोल, निर्माल्याच्या पिशव्या,
एक चप्पल,
सगळं निघालं बाहेर.

मी बॅटरी धरून उभा.
म्हणजे तू हटलास तो
माझ्यावरचा दाब काढायला?

उत्तर आलं नाही.
एक निवटी चिखलावर उडी मारून बसली,
डोळे वर करून.

नोंदवही उघडली. झडप उघडी. वेळ ३.४५.
शेऱ्याच्या रकान्यात पेन थांबलं,
मग उतरतीला लागल्यासारखं निघालं:
गाळ काढलेला नाही. मार्चची सही माझी. खोटी.
अक्षर वाकडं आलं. रकाना लहान पडला,
समासात गेलो.

साडेसहाला पुढचा पाळीवाला येईल,
साहेब सोमवारी दहाला.
नोकरीचं काय होईल, ठाऊक नाही.
रिबेकाला काय सांगायचं, तेही नाही.
आज रविवार.
हात धुतले, नखांत काळं राहिलंच.
आणि खूप दिवसांनी
भूक लागली आहे, प्रभू,
पोटातलीसुद्धा.